संभाजीनगरात भाड्याचं घर: आधी हौद बघा, मग हॉल

प्रश्न थोडक्यात असा: परभणीचं चौघांचं कुटुंब छत्रपती संभाजीनगरात येतंय. नवऱ्याची नोकरी वाळूज एमआयडीसीत, बायकोची सिडकोतल्या दवाखान्यात, मुलं सहावीत आणि नववीत. भाड्याची ताकद १२-१३ हजारांची. जून तोंडावर आहे. तीन घरं पसंत पडली आणि "घरी विचारून सांगतो" म्हणेपर्यंत तिन्ही गेली. घर पटकन कसं पकडायचं आणि घाईत फसायचं कसं नाही?

तीन घरं गेली ती नशिबानं नाही. मे आणि जून हे दोन महिने या शहरात भाड्याच्या घरांची झुंबड असते. सरकारी बदल्या, शाळांचे प्रवेश, अकरावीचे क्लास, कंपन्यांमधली नवी भरती, सगळं एकाच वेळी येतं. चांगल्या घराला सकाळी बोर्ड लागतो आणि संध्याकाळी टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, येतं. म्हणून "विचारून सांगतो" हे वाक्य आधीच संपवून घराबाहेर पडायचं. किती भाडं, किती डिपॉझिट, कोणता भाग, काय चालणार नाही, हे नवरा-बायकोनं आदल्या रात्री बसून ठरवायचं आणि घर बघायला दोघांनी मिळून जायचं. एकानं बघायचं आणि दुसऱ्याला व्हिडिओ पाठवायचा, यातच घरं हातची जातात.

पंचांगाचाही उपयोग करून घ्या. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात बरेच जण नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन हंगामात. तुमची अडचण नसेल तर त्या दिवसांत गर्दी कमी आणि मालक बोलायला मऊ. अडचण असेल तर घर आधी ठरवून करार करा, कलश घेऊन नंतर जा. पण भाडं कोणत्या तारखेपासून सुरू, ते तेव्हाच स्पष्ट करा.

भाग निवडताना नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. वाळूज पश्चिमेला, सिडको पूर्वेला, आणि मधे छावणी-नगर नाक्याचा रस्ता, जो शिफ्ट सुटताना तुंबतो. वाळूजच्या अनेक कंपन्यांची स्टाफ बस शहरातून निघते. नवऱ्यानं आधी एचआरकडून बसचा मार्ग आणि थांबे घ्यावेत, आणि थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आतलं घर शोधावं. फर्स्ट शिफ्टला भल्या पहाटे निघणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं. बस नसेल तर उस्मानपुरा, पदमपुरा, ज्योतीनगर, गारखेड्याची अलीकडची बाजू हे भाग दोघांनाही मध्यावर पडतात. बजाजनगर किंवा वाळूज महानगरात भाडं कमी लागेल, पण मग बायकोची रोजची ये-जा ४० किलोमीटरच्या घरात जाते. महिन्याचे २६ दिवस धरले तर हजारावर किलोमीटर. ४५ च्या ॲव्हरेजच्या गाडीला २३ लिटर पेट्रोल, १०५ रुपये दरानं २,४०० रुपये. भाड्यात वाचलेले दोन हजार तिथेच गेले, आणि रोजचा दीड-दोन तास वेगळा.

आता पाणी. या शहरात भाड्याच्या घराची खरी किंमत पाण्यावर ठरते. त्यामुळे बाकी सगळं थोडक्यात उरकलं तरी चालेल, हे नाही.

शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही. कोणत्या भागाला कितव्या दिवशी येतं हे वॉर्डावॉर्डात, कधी गल्लीगल्लीत बदलतं. मालक आणि एजंट दोघंही "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" म्हणतात. त्यांना विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, इस्त्रीवाल्याकडे, समोरच्या घरातल्या मावशींना विचारा. नेमके चार प्रश्न: मागच्या वेळी पाणी कधी आलं, त्याआधी कधी आलं होतं, किती वाजता येतं, आणि किती वेळ टिकतं? "नेहमी येतं" या उत्तराचा उपयोग नाही, दोन तारखा मिळाल्या की अंतर कळतं.

मग बिल्डिंगच्या खालच्या हौदाचं झाकण उघडायला सांगा. लांबी, रुंदी आणि पाणी जिथवर भरतं तिथवरची खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करून हजारानं गुणा, लिटर मिळतात. भिंतीवर पाण्याच्या डागांची रेघ असते. ती जिथे ठळक, तिथपर्यंतच हौद नेहमी भरतो. समजा हौद ३ बाय २ मीटर आणि दीड मीटर खोल आहे: ९,००० लिटर. गच्चीवर ३,००० ची टाकी. मिळून १२,०००. आठ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज ३,२००. पाणी सहा दिवसांनी येत असेल तर गरज १९,२०० लिटरची. पण हौदात मावतं तेवढं येतंच असं नाही. अर्ध्या इंची नळाला मिनिटाला २० लिटरची धार धरली तर पाऊण तासात ९०० लिटर. आठ फ्लॅटला आठ कनेक्शन असतील तर ७,२००. आणि बिल्डरनं दोनच घेतलेली असतील तर अवघे १,८००. म्हणून दोन आकडे काढायचे, मावतं किती आणि येतं किती. त्यातला लहान आकडा बिल्डिंगचा खरा.

वरच्या उदाहरणात आठ कनेक्शन असूनही दर सहा दिवसांना १२,००० लिटरची तूट आहे. ती बोअर भरून काढतो, जोवर बोअरला पाणी आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातले बरेच बोअर मार्च-एप्रिलपासून दम तोडतात, त्यानंतर टँकर. तुटीएवढा, १२,००० लिटरचा टँकर धरला तर महिन्याला पाच खेपा होतात. टँकरचा दर त्या भागात जाऊन विचारा. समजा १,५०० निघाला तर ७,५०० भागिले आठ, घरटी साडेनऊशे रुपये. म्हणजे १२ हजारांचं घर उन्हाळ्यात १३ हजारांचं. हा हिशेब करून दोन घरांची तुलना करा, कधी कधी हजार रुपये जास्त भाड्याचं घरच स्वस्त पडतं. सातारा-देवळाई, बीड बायपासकडचे आणि गुंठेवारीतले काही भाग असे आहेत की जिथे मनपाची लाइन सगळीकडे पोचलेलीच नाही किंवा पोचून पाणी यायचं आहे. तिथे घर मोठं आणि नवं मिळतं. घ्यायचं तर टँकर धरूनच घ्या.

बोअरच्या पाण्याची परीक्षा बाथरूममध्ये होते. नळाच्या तोंडावर, शॉवरच्या जाळीवर पांढरा थर दिसला की पाणी जड. हातावर साबण चोळून बघा, फेस येत नसेल तर कपडे, केस आणि गीझर तिघांचेही हाल. पिण्याला जार लागणार, तोही खर्चात धरा.

सिडको-हडकोत फ्लॅटपेक्षा रो-हाऊसचा वरचा मजला जास्त मिळतो, मालक खाली राहतो. माणसं चांगली असली तर यासारखं सुरक्षित घर नाही, विशेषतः बायको एकटी मुलांना घेऊन असेल तेव्हा. इथे एकच गोष्ट डोळ्यांनी बघायची: मोटारीचा स्विच कोणाच्या घरात आहे आणि वरची टाकी सामाईक आहे का वेगळी? स्विच मालकाच्या स्वयंपाकघरात आणि टाकी सामाईक असेल तर ते लग्नाला चार दिवस गावाला गेले की तुमचा नळ कोरडा. वेगळी टाकी किंवा स्विचची सोय आधी मागा. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढण्याची सवय असलेल्या घरापासून सावध राहा. ते नियमात बसत नाही, पथक आलं की मोटार जप्त होते आणि त्या दिवशी घरात असता तुम्ही.

घराच्या आतलं बघणं पंधरा मिनिटांचं काम आहे, पण वेळ साधून. दुपारी तीनला जा. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकतो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, छताखाली उभे राहा. कूलर कुठे बसेल ते ठरवा. त्याला बाहेरची हवा घेणारी खिडकी हवी आणि समोर हवा निघून जायला दुसरी. ती नसली की कूलर फक्त दमट करतो. मोठा कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो, तेही वरच्या हिशेबात मिळवा. मे महिन्यात छताच्या एखाद्याच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे मागच्या पावसाळ्यात गळत होतं असं समजा आणि तसं सरळ विचारा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, बोटाचं नख शिरेल एवढी भेग दिसली तर काळ्या मातीनं पाया हलवलाय का, याची शंका घ्यावी. ते घर सोडा.

विजेचं मीटर स्वतंत्र हवं. एका मीटरवर दोन घरं आणि आत सब-मीटर, ही सोय मालकाला परवडते, भाडेकरूला नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त आणि त्यापुढची ३०० पर्यंतची जवळपास दुप्पट दरानं असतात. दोन घरांचा वापर एकत्र मोजला की तुमची स्वस्त युनिटं मालकाच्या वापरात बुडतात. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या वेबसाइटवर थकबाकी बघा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती फेडल्याशिवाय चावी घेऊ नका. लाइनमन वीज तोडायला येतो तेव्हा थकवलं कोणी हे विचारत नाही.

घर शोधायला ॲप चालतात, पण या शहरात अजूनही बोर्ड आणि ओळख जास्त चालते. रविवारी सकाळी ठरवलेल्या दोन-तीन गल्ल्या पायी फिरा. वॉचमन, किराणावाला, क्लासचे सर यांना नंबर देऊन ठेवा. एजंट घेतलात तर दलाली किती, पंधरा दिवसांची की महिन्याची, हे पहिलं घर दाखवण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. घर दाखवण्याचेच पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. ऑनलाइन जाहिरातींमध्ये एक ठरलेला सापळा आहे: फोटो देखणे, भाडं निम्मं, मालक म्हणे लष्करात, बदली झालेली, घर बघायच्या आधी "गेट पास" किंवा टोकन भरा. किंवा तोच म्हणतो, मीच तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

कागदांची एक पीडीएफ मोबाईलमध्ये तयार ठेवा: दोघांचं ओळखपत्र, नोकरीचं पत्र किंवा कंपनीचं कार्ड, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, परभणीच्या घरमालकाचा किंवा ओळखीच्या माणसाचा नंबर. आधार पाठवायचं तर शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार पाठवा. घर बघितल्याबरोबर हे पाठवणारा माणूस मालकाला भरवशाचा वाटतो, आणि दहा जणांत तोच पुढे जातो.

पण टोकन देण्याआधी दोन कागद उलट मागायचे: मालमत्ता कराची पावती आणि लाइट बिल. दोन्हींवर समोरच्या माणसाचं नाव हवं. नाव पुण्यातल्या भावाचं आणि घर देणारा पुतण्या असेल तर मुख्त्यारपत्र दाखवायला सांगा, निदान खऱ्या मालकाशी व्हिडिओ कॉल करा. दारावर किंवा गेटवर बँकेची नोटीस चिकटवलेली आहे का, तेही बघा. कर्ज थकलेल्या घरात डिपॉझिट अडकतं. टोकन दोन ते पाच हजारांच्या वर नको, आणि ते मालकाच्याच खात्यावर. पैसे पाठवल्याबरोबर एक मेसेज टाकून "हो" असं उत्तर घ्या: "फ्लॅट क्रमांक अमुक, १ जूनपासून, भाडं १२,०००, डिपॉझिट ३६,०००, मेंटेनन्स भाड्यात धरून, टोकन ३,०००, करार झाला नाही तर टोकन परत." या चार ओळींनी निम्मी भांडणं जागीच मिटतात.

"हेवी डिपॉझिट"बद्दल कळकळीनं सांगतो. पाच-सात लाख एकदम द्या, भाडं शून्य, हे ऐकायला गोड लागतं. मालक ती रक्कम खर्चून बसतो आणि परतफेडीला पुढचा भाडेकरू शोधतो. तो मिळाला नाही की तुम्ही अडकलात. एकच फ्लॅट दोघा-तिघांना दाखवून पैसे घेण्याचे प्रकारही यातच होतात. गावाकडची जमीन किंवा सोनं मोडून असं घर करू नका.

आता करार. ५०० रुपयांच्या बाँडवर नोटरी केलेला ११ महिन्यांचा कागद म्हणजे करार झाला, अशी सर्रास समजूत आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हेही सगळे सांगतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतो तोच) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं ते खोटं ठरवेपर्यंत. कुरकुर करणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा, त्यात त्याचंही हित आहे: मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई मागता येते आणि ताबा मिळवण्याची वाट सोपी होते.

खर्च वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि व्याज ३,३००, मिळून १,३५,३००. त्यावर शुल्क ३३८ रुपये, भरताना शंभराच्या पटीत ४०० धरा. शहरात नोंदणी फी १,०००, शिवाय थोडं हाताळणी शुल्क आणि करून देणाऱ्या एजंटची फी. नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर अंगठा लावून, आणि दोघांनी एकाच वेळी एकाच जागी असण्याची गरज नसते. त्यामुळे "मी पुण्यात असतो, येणं जमत नाही" हे कारण उरत नाही. खर्च निम्मा-निम्मा करण्याची पद्धत आहे, ती बरी. हा नोंदलेला करार पुढे आधारवरचा पत्ता बदलायला, गॅसला, कंपनीत भाडं दाखवायला लागतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असलं तर घरभाड्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅनही लागतो, तो करारातच लिहून घ्या.

करारात छापील मजकुराखाली स्वतःच्या ओळी घालायला लाजू नका. टँकरचा खर्च कोणाचा. मेंटेनन्स कोणाचा, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिन-भोगवटा शुल्क लावत असेल तर ते मालकानं भरायचं, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसतं. सोडायची नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची. मुलाची नववी-दहावी आहे, तेव्हा पहिले ११ महिने मालकानं मधेच काढू नये अशी लॉक-इनची अट तुमच्या फायद्याची आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी वाढ किती टक्के तेही आत्ताच. शेवटी रंगकाम. "एक महिन्याचं भाडं रंगाला कापतो" हे वाक्य बहुतेक मालक घर सोडतानाच काढतात. कापायचं नाही, किंवा कापायचं तर किती, हा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं काम मालकाचं असतं, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून होतं; भरल्याची प्रत मागून घ्या.

आडनाव, जात, धर्म, खाणं यावरून घर नाकारलं जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. हे चूक आहे आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याला फार लागतं. फिरण्याचा त्रास वाचवायचा तर पहिल्या फोनवरच "आम्ही चौघं, मांसाहारी आहोत, सासू-सासरे अधूनमधून येऊन राहतात, चालेल ना?" असं स्पष्ट विचारा. ज्याला चालणार नाही त्याच्या दारात तुमची रविवारची सकाळ जाऊ नये.

चावी घेतल्यावर सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा: प्रत्येक नळ सुरू करून, प्रत्येक पंखा लावून, भिंतींवरचे जुने खिळे, फुटकी फरशी, मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख पक्की होते. घर सोडताना तसाच दुसरा व्हिडिओ काढा, लाइट बिल भरून पावती पाठवा, मालकाला घरात बोलावून पंधरा मिनिटं फिरवा. कापायचं असेल ते तिथेच वहीत लिहून बेरीज करा. उरलेलं डिपॉझिट खात्यावर आल्याचा मेसेज मोबाईलवर दिसला की चावी त्यांच्या हातात द्या.